मनी कुठे गेली? मुलांना अवघड खरं सांगताना

आमची मांजर मनी गाडीखाली सापडून मेली तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. ती शाळेतून यायच्या आत मी सगळं आवरून टाकलं आणि तिला सांगितलं, "मनी दुसऱ्या घरी राहायला गेली. तिथे तिच्यासाठी मोठी बाग आहे." मला वाटलं, सुटले. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी जेवता जेवता तिने विचारलं, "तिला आपण आवडत नव्हतो का?"

मांजर मेल्याचं दुःख तिला होऊ नये म्हणून मी धडपडले आणि मांजर आपल्याला सोडून गेल्याचं दुःख तिच्या पदरात टाकलं. पहिल्या दुःखात निदान मनीचं तिच्यावरचं प्रेम तरी शाबूत राहिलं असतं.

मुलांपासून आयुष्यातल्या कठोर गोष्टी लपवाव्यात का, यावर तावातावाने वाद होतात. कुणी म्हणतं, बालपण एकदाच येतं, त्यात कशाला विष कालवायचं. कुणी म्हणतं, जग कसं आहे ते लवकर कळलेलं बरं. पण दवाखान्यातून फोन आलेला असतो, मूल दारात बूट काढत असतं, तेव्हा या दोन्ही मतांचा काडीचा उपयोग होत नाही. त्या वेळी हवं असतं एक वाक्य, या मुलाला, आज संध्याकाळी सांगता येईल असं. तिथपर्यंत कसं पोचायचं ते पुढे लिहिलं आहे.

पहिली पायरी: मुलाला आधीच काय कळलंय ते काढून घ्या

सांगायचं की नाही हे ठरवताना आपण मूल म्हणजे कोरी पाटी असं धरून चालतो. तिथेच पहिली चूक होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते, मग ठरल्याप्रमाणे थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ लगेच अस्वस्थ होतं. हसून, हात पुढे करून, आवाज काढून तिला परत आणू पाहतं, आणि काहीच चालेना की तोंड फिरवतं. बोलता न येणाऱ्या बाळाला जर इतकं कळतं, तर सात वर्षांच्या मुलाला घरातली कुजबुज, अर्धवट बंद केलेलं दार आणि आईचे सुजलेले डोळे कळत नसतील असं समजणं म्हणजे आपलीच समजूत घालणं.

याहून अस्वस्थ करणारं काम मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांचं आहे. रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या मुलांबरोबर त्यांनी रुग्णालयात दीर्घ काळ घालवला. १९७८ साली त्यांचा अभ्यास पुस्तकरूपाने आला. या मुलांना आपण मरणार आहोत हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांना ते ठाऊक होतं. शेजारचा मुलगा परत आला नाही, डॉक्टर आता कमी बोलतात, आई खोलीबाहेर जाऊन रडते, असे तुकडे त्यांनी जोडले होते. आणि बरीच मुलं हे आईबापांपासून लपवत होती, कारण हा विषय निघाला की मोठी माणसं कोसळतात किंवा निघून जातात हे त्यांना दिसलं होतं. दोघांनाही माहीत आणि दोघंही माहीत नसल्याचं सोंग करतात, या प्रकाराचं वर्णन ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ सालीच करून ठेवलं होतं. त्या सोंगात सगळ्यात एकटं पडतं ते मूल.

म्हणून सांगायला बसण्याआधी विचारा: "घरात काहीतरी चाललंय असं तुला वाटतं का? काय वाटतं?" आणि गप्प बसा. मध्येच दुरुस्ती करू नका. पुष्कळदा मुलाचा अंदाज खऱ्यापेक्षा भयंकर निघतो. आजी पाय मोडून दवाखान्यात असते आणि मुलाच्या डोक्यात ती कधीच मेलेली असते. कधी उलटंही होतं. तुम्ही तासाभराच्या बोलण्याची तयारी करून बसता आणि त्याला फक्त शनिवारी त्याला पोहायला कोण नेणार एवढंच हवं असतं.

दुसरी पायरी: घटना, तपशील आणि ओझं वेगळं करा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे. आपण ज्याला "अवघड सत्य" म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात.

घटना म्हणजे जे झालं किंवा होणार आहे आणि ज्यामुळे मुलाचं जगणं बदलणार आहे. आजोबा वारले. आईला कॅन्सर झालाय. बाबांची नोकरी गेली. आपण तिघं आता एका घरात राहणार नाही. हे सांगायचंच, वय कितीही असो. दोन वर्षांच्या मुलालाही दोन वर्षांच्या भाषेत.

तपशील म्हणजे कसं, किती, कुठे, कुणामुळे. हा मूल विचारेल तसा आणि विचारेल तेवढा द्यायचा. गाडी कशी उलटली, शेवटच्या दिवसांत काय हाल झाले, हे आपणहून सांगायचं कारण नाही. पण विचारलं तर खोटंही सांगायचं नाही. "ते मी तुला आत्ता सांगणार नाही, थोडा मोठा झालास की सांगेन" हेही खरंच उत्तर आहे.

ओझं म्हणजे मोठ्यांनी वाहायचं ते. कर्ज कसं फिटेल ही चिंता, जोडीदाराबद्दलचा राग, "आता तूच माझा आधार" हे वाक्य. हे मुलाला द्यायचं नाही. सोळा वर्षांच्या समंजस मुलीलाही नाही. समंजस मुलांच्याच डोक्यावर ते हटकून येतं.

आपल्यापैकी बरेच जण नेमकं उलटं करतात. नोकरी गेल्याची घटना झाकून ठेवतात, पण मुलाने वही मागितली की "पैसे झाडाला लागतात का" म्हणून खेकसतात. म्हणजे ओझं पोचलं, कारण मात्र पोचलं नाही. वेगळे झालेले आईबाप "पोराला यात ओढायचं नाही" म्हणतात आणि त्याच पोराबरोबर "तुझ्या बाबांना सांग, वेळेवर येत जा म्हणावं" असे निरोप पाठवतात.

कोणती गोष्ट कुठे बसते ते कळेनासं झालं की मी स्वतःला विचारते: हे मी त्याला कळावं म्हणून सांगतेय, की मला मोकळं वाटावं म्हणून? दुसरं असेल तर मैत्रिणीला फोन करायचा.

भांडणाचं थोडं वेगळं आहे. मुलांसमोर आवाज चढला की आपण नंतर काही झालंच नाही असं दाखवतो. आईवडिलांच्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या मार्क कमिंग्ज यांच्या कामातून दिसतं की भांडण मिटलेलं पाहिलं तर मुलांची अस्वस्थता बरीच कमी होते. ते त्यांच्यासमोर मिटलं नसलं आणि नुसतं नंतर सांगितलं तरी फरक पडतो. तेव्हा "सकाळी आम्ही भांडलो, दुपारी बोलून मिटवलं" हे मोठ्याने सांगा. अर्थात मिटलं असेल तरच.

तिसरी पायरी: वयाचा अंदाज घ्या, पण वयावर विसंबू नका

हंगेरीच्या मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी मृत्यूविषयी मुलांना काय वाटतं यावरचं काम १९४८ साली प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की साधारण पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, म्हणजे परत येता येईल असं काहीतरी. पुढे अभ्यासकांनी या समजेचे भाग पाडले: मेलेलं परत येत नाही, शरीराचं काम पूर्ण थांबतं, हे प्रत्येकाला येतं, आणि त्याला कारण असतं. बहुतेक मुलांना पहिले तीन भाग पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात. ज्यांनी घरातलं मरण जवळून पाहिलं ती आधीच शहाणी झालेली असतात, म्हणून वयाचा तक्ता हा फक्त अंदाज.

तीन-चार वर्षांच्या मुलाला शरीराच्या भाषेत सांगा. "आजोबांचं शरीर बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत." हे वाक्य लिहितानाही कोरडं वाटतं, पण मुलाला नेमका त्या कोरडेपणाचा आधार असतो. उद्या ते पुन्हा विचारेल, "आजोबा कधी येणार?" त्याने ऐकलं नव्हतं असं नाही. तो तुमचं उत्तर कालचंच आहे का ते तपासतोय. तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या.

या वयाचा आणखी एक धोका आहे. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी सांगितल्याप्रमाणे लहान मुलाला आपल्या मनातलं आणि बाहेर घडलेलं यांत सरळ धागा दिसतो. रागाच्या भरात "बाळ नकोच मला" म्हटलं आणि आईचा गर्भ पडला, की मुलाच्या हिशेबी गुन्हेगार कोण ते ठरलेलं असतं. हे ते बोलून दाखवेलच असं नाही. म्हणून त्याने विचारलं नसलं तरी प्रत्येक वेळी सांगायचं: "तू काही बोललास, केलंस किंवा मनात आणलंस म्हणून हे झालेलं नाही."

सहा ते दहाच्या मुलांना यंत्रणा कळायला हवी असते. औषध काम कसं करतं, केस का गळतात, न्यायाधीश काय ठरवतात. त्यांचे प्रश्न कधी कधी निर्दय वाटतात. ते कुतूहल आहे, रागवू नका.

किशोरवयीन मुलांना तुमच्याआधी इंटरनेटने सांगितलेलं असतं. त्यांच्याशी समोरासमोर बसून गंभीर चेहऱ्याने बोलू गेलात तर ती शिंपल्यासारखी मिटतात. बरोबर चालताना, भांडी आवरताना जास्त बोलतात. आणि त्यांना निर्णयात जागा हवी असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं १२ वं कलम मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं. ज्याची खबरच नाही त्यावर मत कसं मांडणार?

चौथी पायरी: कोणी, कधी, कुठे

मुलाचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे त्याने सांगावं. सगळ्यात जवळचा नातेवाईक तोच असेल असं नाही. तुम्हाला बोलताच येत नसेल तर दुसऱ्याला बोलू द्या, पण शेजारी बसा.

झोपायच्या आधी सांगू नका, रात्रभर एकटं त्या गोष्टीबरोबर राहावं लागतं. शाळेच्या दारातही नको. ओळखीच्या जागी, नंतर दोन-तीन तास मोकळे असतील अशा वेळी सांगा. मात्र योग्य वेळेची वाट पाहता पाहता शेजाऱ्याकडून किंवा वर्गातल्या मुलाकडून कळलं तर तुमची सगळी तयारी वाया गेली. उशिरा नीट सांगण्यापेक्षा वेळेवर अडखळत सांगितलेलं चांगलं.

रडू आलं तर? येऊ द्या. "मला खूप वाईट वाटतंय म्हणून मी रडतेय. थोड्या वेळाने थांबेन, मग आपण जेवू." एवढ्याने मुलाला कळतं की दुःख झालं तरी माणूस जेवतो. हमसाहमशी, स्वतःला सावरता न येण्याइतकं रडू येण्याची भीती असेल तर आधी कुणा मोठ्या माणसापाशी रडून घ्या.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष वाक्य

आधी एक इशारा द्या: "तुला एक वाईट बातमी सांगायची आहे." मग घटना, एका वाक्यात. मग थांबा. हे थांबणं सगळ्यात कठीण, कारण शांतता भरून काढायला आपण बडबडू लागतो आणि त्यातच नको ते तपशील सुटतात. मुलाने काही विचारलं तर उत्तर द्या. नाही विचारलं तर उद्या काय बदलणार आणि काय तसंच राहणार ते सांगा. शाळा तीच, झोपायची जागा तीच, आणायला मावशी येणार.

शब्द निवडताना आपली भाषा आपल्याच आड येते. मराठीत मरणाला किती गोड पडदे आहेत: देवाघरी गेले, गेले, झोपी गेले, तारा झाले, आपल्याला सोडून गेले. मोठ्यांना हे शब्द मऊ लागतात. मूल शब्दशः ऐकतं. "झोपी गेले" ऐकणारं मूल झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" ऐकणारं दारात वाट पाहतं. "आजारी होते म्हणून गेले" ऐकलं की पुढच्या सर्दीत त्याची गाळण उडते, म्हणून "खूप खूप मोठा आजार, सर्दीतापासारखा नव्हे" असा फरक करावा लागतो. घरात श्रद्धा असेल तर तीही जरूर सांगा, पण आधी शरीर थांबलं हे सांगून.

याचं मला आवडणारं एक उदाहरण लहान मुलांच्या टीव्हीतलं आहे. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकन मालिकेत दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. ते पात्र दुसरीकडे राहायला गेलं असं दाखवून मोकळं होता आलं असतं. निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि नोव्हेंबर १९८३ च्या भागात सरळ सांगितलं: हूपर मेले, ते परत येणार नाहीत. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी आपण काढलेली चित्रं वाटत येतो, हूपरचंही चित्र त्याच्याकडे असतं. ते त्यांना परत आल्यावर देईन, असं तो म्हणतो, आणि मोठी माणसं डोळे पुसत त्याला समजावतात. मी मनीला बागेत पाठवलं तेव्हा ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असणं आणि दारात बूट वाजल्यावर आठवणं यांत अंतर आहे.

आत्महत्येबाबत बहुतेकांचं धैर्य संपतं. अपघात झाला असं सांगावंसं वाटतं. पण ही बातमी बाहेरून हमखास येते, आणि मग मुलाला मृत्यूही पचवायचा असतो आणि तुमचं खोटंही. "काकाच्या मनाला मोठा आजार होता. त्यात त्याने स्वतःचा जीव घेतला. आपल्यापैकी कुणामुळे हे झालं नाही. असं कधी मनात आलं तर मदत मिळते, आणि तू मला कधीही सांगू शकतोस." पद्धत सांगायची नाही. त्याचा गौरव नाही, निंदाही नाही.

सहावी पायरी: घाबरवणारे प्रश्न

"तू पण मरशील का?" हा सगळ्यात वरचा. "नाही रे, मी कशी मरेन" हे उत्तर ओठांवर येतं. ते द्यायचं नाही, कारण देता येत नाही. "सगळेच कधी ना कधी मरतात. मी आत्ता धडधाकट आहे आणि खूप वर्षं जगायचा माझा विचार आहे. आणि मला काही झालंच तर तुला सांभाळायला मावशी आणि आजी आहेत." प्रश्न वरवर मृत्यूचा असला तरी आत "माझं कोण करणार?" हाच असतो, तेव्हा नावं घेऊन उत्तर द्या.

"आई बरी होणार ना?" याला वचन देऊ नका. "डॉक्टर प्रयत्न करताहेत. अजून नक्की कळलेलं नाही. मला कळलं की मी तुला सांगेन." मग शब्द पाळा.

मूल स्वतःच आजारी असेल, आणि बरं होणार नसेल, तर? इथे मला सल्ला द्यायचा अधिकार नाही. फक्त एक अभ्यास सांगते. कॅन्सरने मूल गमावलेल्या स्वीडनमधल्या पालकांना विचारलं गेलं, तुम्ही मुलाशी मृत्यूबद्दल बोललात का? २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे १४७ पालक बोलले होते त्यांतल्या एकालाही बोलल्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, न बोलल्याची खंत होती. मुलाला कळलंय हे ज्यांना जाणवलं होतं त्यांच्यात ही खंत जास्त होती.

सातवी पायरी: नंतरचे दिवस

बातमी ऐकून मूल दहा मिनिटं रडेल आणि "मी खेळायला जाऊ?" म्हणेल. जाऊ द्या. मुलांना दुःख सलग पेलत नाही. ती त्यातून बाहेर येतात, पुन्हा आत जातात. त्याला काहीच वाटलं नाही असा अर्थ काढू नका.

पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, पुन्हा अंगठा चोखणं, चिकटून राहणं हे काही आठवडे चालेल. खाणं-झोपणं महिनोन् महिने बिघडलं, शाळा पूर्ण टाळली, स्वतःला इजा केली किंवा "मलाही मरायचंय" असं म्हटलं तर मात्र वाट पाहू नका. शेवटच्या दोन बाबतींत त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे.

वर्षभराने, मूल मोठं झाल्यावर, तोच विषय नव्या प्रश्नांसह परत येतो. पाचव्या वर्षी दिलेलं उत्तर नवव्या वर्षी अपुरं पडतं. पहिलं खरं असेल तर त्याच्यावर पुढचा मजला चढवता येतो.

काय खरोखर झाकावं

युद्धाची, अपघाताची, हिंसेची दृश्यं. बातमी सांगा, चित्र दाखवू नका. लहान मुलाला तीच चित्रफीत पुन्हा दिसली की तीच घटना पुन्हा घडली असं वाटतं. तुमच्या लग्नातल्या खाजगी गोष्टी. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं. आणि ज्याची अजून खात्री नाही ते, म्हणजे तपासणीचा निकाल यायचाय तेव्हा "तपासणी आहे" एवढं सांगा, सगळ्या शक्यता वाचून दाखवू नका. मूल "मला नाही ऐकायचं" म्हणालं तर तेही ऐका. घटना सांगून झालेली असेल तर बाकीचं त्याच्या मर्जीवर सोडा.

आधीच खोटं सांगून बसला असाल तर

परत जा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात तीन ते सात वर्षांची १८६ मुलं होती. काहींना प्रयोग करणाऱ्या मोठ्या माणसाने आधी साधंसं खोटं सांगितलं, शेजारच्या खोलीत गोळ्यांचं मोठं भांडं आहे म्हणून. नंतरच्या खेळात, पाहू नकोस म्हटलेलं चोरून पाहण्याचं आणि पाहिलं नाही असं खोटं बोलण्याचं प्रमाण त्यांच्यातल्या शाळकरी मुलांत जास्त निघालं. थोडक्यात, हिशेब दोन्हीकडून ठेवला जातो.

कबुली छोटी ठेवा. काय खोटं सांगितलं, खरं काय, का सांगितलं, आणि माफी. "तुझ्या भल्यासाठीच" हे शब्द गाळा. मुलाला राग येईल, तो त्याचा हक्क आहे.

मी तीन आठवड्यांनी सांगितलं. "मनी बागेत गेली नाही. ती गाडीखाली आली आणि मेली. तू रडशील म्हणून मी खोटं बोलले. माझं चुकलं." ती रडली, मला दोन गुद्दे घातले. मग हुंदके देत म्हणाली, "म्हणजे ती आपल्याला सोडून नव्हती गेली?" मी म्हटलं, नाही. मनीला कुठे पुरलं ते बघायला ती माझा हात धरून आली.

त्यानंतर बरेच महिने मी काहीही सांगितलं, अगदी उद्या शाळेला सुट्टी आहे इतकं साधं, तरी ती डोळे बारीक करून विचारायची, "खरं, की बागेतलं?"